निमकी

सातच्या बातम्या लागल्या की आमचे काका खुर्चीत बसल्या बसल्याच स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणायचे, "स्टेंगा घेतो गं." आतून आत्याचा आवाज यायचा, "घ्या. एकच." मग काचेच्या कपाटाचं दार करकरायचं.

काका म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना आतोबा म्हणायची पद्धत आमच्या पिढीपर्यंत पोचलीच नाही. ते मालवाहू बोटींवर इंजिनिअर होते आणि मी त्यांना पाहिलं ते निवृत्त झाल्यावरच. ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांचं बोटीवरचं शिस्तीचं आयुष्य कसंबसं मावायचं. मला तो शब्द 'ठेंगा' असाच ऐकू यायचा. रोज संध्याकाळी एक मोठा माणूस बायकोला सांगून ठेंगा घेतो आणि बायको 'एकच' म्हणते, यात मला काही विचित्र वाटत नसे. मोठी माणसं याहून विचित्र गोष्टी करायची.

त्या ठेंग्याची तयारी बघायला मी मुद्दाम जवळ जाऊन बसायचे. जाड बुडाचा ग्लास, बाहेरून उभ्या रेघा पाडलेला, आणि बरोबर मधोमध एक आडवी पट्टी. आधी बर्फ. तो ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून निघायचा. ट्रेचा दांडा उचलला की कडकड आवाज व्हायचा आणि बोटं ट्रेला चिकटायची. मग व्हिस्की, आडव्या पट्टीपर्यंत, तिला स्पर्श होईल इतकीच. ग्लास डोळ्यांच्या पातळीवर धरून काका एक डोळा बारीक करायचे, जणू बॉयलरचं पाणी बघताहेत. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातली गोटीची सोडा. अंगठ्याने गोटी आत दाबली की फस्स करून बाटली ओरडायची आणि ती काठोकाठ ओतली जायची. अर्धी व्हिस्की, अर्धी सोडा. तेव्हा मला ही अर्धी-अर्धी दिसत होती. शब्दातही तीच आहे हे कळायला पुढे पंचवीस वर्षं जायची होती.

"काका, ठेंगा म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं होतं.

"ठेंगा नव्हे, स्टेंगा. बोटीवरचा शब्द आहे." एका म्हाताऱ्या स्कॉटिश चीफ इंजिनिअरकडून तो उचलला, एवढंच त्यांना माहीत होतं. पेनांग, पोर्ट स्वेटनहॅम, सिंगापूर या फेरीत म्हणे तो चीफ संध्याकाळी दुसरं काही बोलतच नसे. पोर्ट स्वेटनहॅमचं नाव 1972 साली पोर्ट क्लांग झालं. काका मात्र शेवटपर्यंत स्वेटनहॅमच म्हणत राहिले. ज्या नावाच्या बंदरात नांगर टाकला तेच नाव खरं, असा त्यांचा हिशोब.

पुढे कामानिमित्त मी दीड वर्ष क्वालालंपूरला राहिले. पहिल्याच आठवड्यात चौकिटच्या बाजारात कोळंबी घ्यायला गेले. मलय भाषेतले माझे शब्द तोवर सातआठच होते, त्यामुळे कोळंबीकडे बोट दाखवलं आणि हसले. रबरी बूट घातलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या मावशी परातीतल्या कोळंब्या वर-खाली करत म्हणाल्या, "सतेंगा किलो?"

मी तशीच उभी राहिले. बाजारात बर्फाचं पाणी पायांवरून वाहत होतं, मागच्या बाईची टोपली माझ्या कमरेत रुतत होती आणि माझ्या कानात ठाण्याच्या कपाटाचं दार करकरलं. 'किलोभर स्टेंगा' असला काहीतरी प्रकार मला क्षणभर खरोखर वाटून गेला. मावशींनी माझा चेहरा पाहिला, एका हाताचा तळवा आडवा धरला आणि दुसऱ्या हाताच्या कडेने तो मधोमध कापून दाखवला. अर्धा. अर्धा किलो.

घरी येऊन कोळंबी सोलायच्या आधी शब्दकोश उघडला. 'स' म्हणजे एक, 'तेंगा' म्हणजे मध्य. दोन्ही मिळून सतेंगा, म्हणजे अर्धा. शेवटी एक हलका ह असतो, तो बाजाराच्या गलक्यात ऐकू येत नाही. मध्यान्हीला तेंगा हारी, मध्यरात्रीला तेंगा मालाम. मी जेवतेय असं म्हणायलाही तिथे लोक मी तेंगा जेवण असं काहीतरी म्हणतात, म्हणजे जेवणाच्या मधोमध आहे, नंतर फोन कर. गोऱ्या साहेबांनी त्यातला सुरुवातीचा अर्धवट स्वर गिळला आणि सतेंगाचं स्टेंगा केलं. आपल्याकडे उलटं चालतं. स्टेशनातलं जोडाक्षर जिभेला जड वाटलं की माणूस सरळ ठेसन म्हणतो. इंग्रजांना मात्र जोडाक्षराचा सोस.

तर ब्रिटिश मलायातल्या मळेवाल्यांच्या, कारकुनांच्या, कलेक्टरांच्या इंग्रजीत स्टेंगा म्हणजे व्हिस्की आणि सोडा निम्मी-निम्मी, बर्फावर. काहींनी त्याचं आणखी इंग्रजीकरण करून स्टिंगर केलं, जसा काही विंचूच. आज लंडनमध्ये हा शब्द कुणी म्हणत नाही. साम्राज्य मावळलं, क्लबातल्या वेताच्या खुर्च्या लिलावात गेल्या आणि शब्द जुन्या कथा-कादंबऱ्यांत राहिला. म्हणजे इंग्रजीत तो मेलेला, आणि चौकिटला रोज सकाळी सहापासून कोळंबी विकतोय.

मला यातली खरी गंमत नंतर लक्षात आली, आकडे शिकायला लागले तेव्हा. मलयमध्ये एकला सातू आणि दोनला दुआ. 'सातू सतेंगा' म्हणजे एक आणि अर्धा, अर्थात दीड. 'दुआ सतेंगा' म्हणजे अडीच. आता डोळ्यांपुढे आणा. दिवसभर रबराच्या झाडांमधून घामाघूम होऊन आलेला साहेब क्लबात खुर्चीवर अंग टाकतो. मलयचे चार आकडे त्याला येतात आणि त्यांचा त्याला अभिमान आहे. तो बोट वर करून हुकूम सोडतो: सातू स्टेंगा! म्हणजे काय तर, दीड! मित्र आला की: दुआ स्टेंगा! अडीच! समोरचा वाढपी बहुधा हैनान बेटावरून आलेला चिनी. तिथल्या क्लबांत आणि गोऱ्यांच्या घरांत स्वयंपाकी आणि वाढपी बरेचसे हैनानी असत. त्याने गणिताची चूक काढली नसणार. मुकाट्याने एकाला एक, दोघांना दोन आणून ठेवले असणार. मराठीत अशा साहेबासाठी नेमका शब्द तयार आहे, दीडशहाणा.

मी हे ज्या भाषेत लिहितेय तिचं अपूर्णांकांवर जरा जास्तच प्रेम आहे. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. निमकी म्हणजे अर्ध्याचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा. साडेतीनचा पाढा पाठ असलेला माणूस आज दाखवा. दुपारी झोप येत नसली की ते झोपाळ्यावर बसून औटकी म्हणायचे, जसं दुसरं कुणी विष्णुसहस्रनाम म्हणेल. आणि हा औट म्हणजे मुळात अर्धचतुर्थ. तीन पुरे झाले, चौथा अर्धा. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. साडेचार मात्र सार्ध, अर्ध्यासह चार. म्हणजे आपल्याकडे अर्धा मोजायच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदतात. एकीत पुढच्याचा अर्धा धरायचा, दुसरीत मागच्यावर अर्धा चढवायचा.

हे सांगायचं कारण असं की मलयच्या सख्ख्या बहिणीत, इंडोनेशियाच्या भाषेत, हाच गोंधळ घड्याळात झालाय. क्वालालंपूरमध्ये 'पुकुल दुआ सतेंगा' म्हणजे अडीच वाजले. जकार्तात 'सतेंगा दुआ' म्हटलं तर दीड वाजले, दुसरा तास अर्धा झाला. तिथे डचांचं राज्य होतं आणि डच माणूस वेळ तशीच सांगतो. सामुद्रधुनीच्या अलीकडे साडे, पलीकडे औट. माझी जकार्ताच्या ऑफिसबरोबरची एक मीटिंग याच भानगडीत एक तास हुकली. मला तेव्हा राग आला होता. आजोबांना आला नसता.

ग्लासात व्हिस्कीच का, तिच्या जोडीला सोडा आणि बर्फच का, यालाही इतिहास आहे. हिंदुस्थानातला गोरा आधी ब्रँडी-पानी प्यायचा. हॉब्सन-जॉब्सन नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जो जाडजूड कोश 1886 साली निघाला, त्यात ब्रँडी-पॉनी अशी नोंदच आहे. पण 1860 नंतर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना फिलोक्सेरा नावाची कीड लागली. वेलींची मुळंच खाणारा बारीकसा किडा. वायनरीच्या वायनरी झोपल्या, ब्रँडी महाग झाली आणि स्कॉच व्हिस्कीला पूर्वेकडचं मैदान मोकळं मिळालं. त्याच सुमाराला सोडा हाताशी आला. सिंगापूरला फ्रेझर आणि नीव्ह या दोघांनी 1883 मध्ये सोड्याची कंपनी काढली. काकांच्या सोड्याच्या बाटलीतली गोटीही त्याच काळातली. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 साली तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये ती केव्हाच वस्तुसंग्रहालयात गेली, आपल्याकडे लिंबू-सोड्याच्या गाडीवर अजून फस्स करते.

राहिला बर्फ. तो आधी अमेरिकेतून यायचा. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये तिथल्या तळ्यांतला बर्फ भुशात बांधून जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, आणि तरी निम्म्याहून अधिक माल पोचला! यात मला नेहमी त्या जहाजावरच्या खलाशांचं वाटतं. भर उन्हात पायाखाली शंभर टन गारवा आणि प्यायला कोमट पाणी.

क्वालालंपूरचा तो प्रसिद्ध सेलांगोर क्लब मी बाहेरूनच पाहिला. 1884 साली स्थापन झालेला, पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडी पट्ट्या मारलेली लांबलचक इमारत. इंग्लंडमधलं एखादं खेडं कुणी उचलून उष्ण कटिबंधात ठेवावं तशी दिसते. जुनी मंडळी त्याला 'स्पॉटेड डॉग', ठिपक्यांचा कुत्रा म्हणत. समोर हिरवंगार मैदान. याच मैदानावर 1957च्या 30 ऑगस्टला मध्यरात्री युनियन जॅक उतरला. आत जायला सभासद लागतो, मला कुणी सभासद ओळखीचा नव्हता. दारावरच्या माणसाने अतिशय अदबीने मला बाहेर ठेवलं. मी मैदानाच्या कडेला बसून नारळपाणी प्याले आणि आतल्या व्हरांड्यात शंभर वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ बसवून पाहिली.

त्या संध्याकाळी हातात पैसे कुणाच्याच नसणार. क्लबात रोख देणं गावंढळपणाचं. पेय आलं की कागदाच्या चिटोऱ्यावर सही करायची आणि महिनाअखेर हिशोब. त्या चिटोऱ्याला ते म्हणत चिट. ही आपली चिठ्ठी. म्हणजे मागवायचा शब्द मलय, सही करायचा कागद आपला, प्यायचा माल स्कॉटलंडचा, वाढणारा हैनानचा. आणि ज्यांच्या भाषेतून मागवायचा शब्द उचलला ते मलय लोक मुसलमान. बहुतेकांच्या घरी दारूला शिवतही नव्हते. त्यांचा बिचारा घरगुती शब्द, कोळंबी, भात, ऊस, भोपळा अर्धा करायचा, तो दारूच्या ग्लासात जाऊन पडला. आपल्याकडे असं व्हायचं म्हणजे उद्या एखाद्या कॉकटेलचं नाव 'पळी-पंचपात्र' ठेवण्यासारखं.

'पाहित'चंही तेच. पाहित म्हणजे कडू. जिनमध्ये कडू अर्काचे थेंब टाकले की झालं जिन-पाहित. पुढे तर नुसतं पाहित म्हटलं तरी संध्याकाळच्या पिण्याचं बोलावणं समजत. अर्धा आणि कडू. अख्ख्या भाषेतून साहेबाने संध्याकाळसाठी एवढेच दोन शब्द निवडले.

क्लबच्या बाहेर, मळ्यांवर, वेगळी संध्याकाळ होती. रबराच्या मळ्यांवरचे मजूर बहुतांशी तमिळ. त्यांच्यासाठी मळ्यातच ताडीचं दुकान असे. दिवसभर साहेबाच्या झाडाला चिरा पाडायच्या, संध्याकाळी साहेबाच्या मळ्यातल्या दुकानात मजुरी रिकामी करायची. 1947 साली केदाह राज्यातल्या मळ्यांवर मजुरांनीच या ताडीच्या दुकानांविरुद्ध चळवळ उभी केली. साहेबाच्या पेयाला मलय नाव, मजुराच्या पेयाला इंग्रजीतही आपलंच नाव: टॉडी, म्हणजे ताडी. हाच शब्द स्कॉटलंडला पोचून तिथे गरम पाणी, साखर आणि व्हिस्कीचा 'हॉट टॉडी' झाला. सर्दी झाली की तो पितात. आमच्या कोकणातल्या कुणाला ताडी गरम करून प्यायला सांगितलं तर तो आधी सांगणाऱ्याचा ताप बघेल.

एवढं सगळं साहेबाला हसून झाल्यावर एका शनिवारी माझीच मला फजिती दिसली. मुंबईहून आलेला एक मित्र तिथल्या एका बारमध्ये गेला आणि सवयीने म्हणाला, "वन क्वार्टर." बारवाल्याला कळेना. क्वार्टर कशाचा? किती वाजलेत, की कोंबडीचा पाव भाग? मित्र पुन्हा, हळू, स्पष्ट: "क्वा-र्टर." मग हाताने बाटलीची उंची दाखवली.

आपण इंग्रजीचं नेमकं तेच केलंय जे इंग्रजीने मलयचं केलं. त्यांचा पाव उचलला आणि 180 मिलीच्या चपट्या बाटलीला चिकटवून टाकला. क्वार्टर म्हटलं की इकडे कुणाला पाव आठवत नाही, बाटली आठवते. त्यातही 750चा खरा पाव साडेसत्त्याऐंशीवर शंभर, म्हणजे साडेसात मिलीची मारामारी आहेच. हाफही तसाच. थर्टी, सिक्स्टी, नाइंटी तर नुसते आकडे. जगात दुसरीकडे कुठे माणूस मित्राला "साठ घेतोस का?" असं विचारत असेल का?

आणि इंग्रजी यायच्या आधीही आमचं काही वेगळं नव्हतं. पावशेर मारणे. नवटाक मारणे. शेराचा चौथा हिस्सा पावशेर, त्याचा निम्मा नवटाक. पूर्वी वाण्याकडे नवटाक तूप, नवटाक खोबरं मिळायचं. मुंबईत 1949 चा दारूबंदी कायदा आला, चोरून गाळलेली दारू मापावर विकली जायला लागली आणि बघता बघता नवटाक म्हणजे दारूच. वजनंमापं दशमान झाली, शेर गेला, पावशेर गेला, तूपवाला नवटाक कुणाला आठवेना, पण दारूचा नवटाक जिभेवर राहिला. बेवडाही मुळात मोजणीचाच. बे म्हणजे दोन, दोनदा गाळलेली ती बेवडा. आता तो शब्द बाटलीतून निघून माणसाला लागलाय. इंग्रजांचा पंचही आपल्या 'पाच'वरून आला असं बरेच जण मानतात, दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. एकूण काय, दारूच्या दुकानात उभं राहिलं की उजळणी आपोआप होते. पाव, निम्मा, बे, पाच, नव. औटकी तेवढी राहिली आहे.

या 'निम्मा'चंही सांगून टाकते. घरात अर्धा असताना आपण फारसीचा नीम आणून त्याचा निम्मा केला. निमकीतही तोच बसलाय. तेव्हा इंग्रजांना 'तुमच्याकडे हाफ नव्हता का, मलायातून अर्धा कशाला आणलात?' असं विचारायचा अधिकार निदान मराठी माणसाला नाही.

मला वाटतं, परक्या भाषेतला अर्धा जास्त सोयीचा असतो. आपल्या भाषेतला अर्धा हिशोब मागतो. इंग्रज बायकोसमोर 'हाफ' म्हणाला असता तर तिने ग्लासाकडे पाहिलं असतं. स्टेंगाकडे कोण पाहणार? तो नुसता आवाज. तसा एक घ्या, चार घ्या. चार अर्धे म्हणजे दोन, हे कुणी करत बसत नाही. मुंबईतला कटिंग चहा बघा. पूर्ण ग्लास नको म्हणून निम्मा, यातून आलेला शब्द. आता कटिंग हेच पूर्ण माप. आमच्या ऑफिसात एक गृहस्थ दिवसाला आठ कटिंग प्यायचे आणि शपथेवर सांगायचे, मी चहा फार पीत नाही.

समुद्रावरून शब्दांची ही ने-आण काही दारूपुरतीच नव्हती. आपण एकादशीला ज्याच्यावर तुटून पडतो तो साबुदाणा मलयमधल्या 'सागू'वरून आला. तिथल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या गाभ्यातलं ते पीठ. आता आपला साबुदाणा टॅपिओकाचा, तमिळनाडूत सेलमकडे होणारा, पण नावात अजून ते झाड आहे. काकाकुवाही तिकडचाच, काकातुआ. उलट दिशेने आपलं गेलेलं तर मोजायलाच नको. भाषेला तिथे बाहासा, नवऱ्याला सुआमी, पापाला दोसा. बहिणीला मी फोनवर सांगितलं की इथे नवऱ्याला अजून स्वामीच म्हणतात, तर ती म्हणाली, "आणि दोष लगेच शेजारी ठेवलाय, बरं आहे."

सुट्टीत ठाण्याला आले तेव्हा काका ऐंशीच्या पुढे गेले होते. हात कापायचा, त्यामुळे पट्टीपर्यंत व्हिस्की आता आत्या ओतायची. तीही एक डोळा बारीक करून. बर्फाचा ट्रे प्लॅस्टिकचा झाला होता, सोड्याची बाटली झाकणाची. कपाटाचं दार तेच. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. चौकिट, कोळंबी, सतेंगा, अर्धा.

काका ग्लासाकडे बघत राहिले. "अर्धा?" मग जरा वेळाने, "म्हणजे तो चीफ रोज अर्धाच मागत होता? बाटली संपायची की त्याची."

मग मी आकडे सांगितले. सातू स्टेंगा म्हणजे खरं तर दीड, दुआ स्टेंगा म्हणजे अडीच. काका इतके हसले की ठसका लागला. आत्या पाठ चोळत म्हणाली, "बघ. पन्नास वर्षं मी एकच म्हणत होते आणि हे दीड घेत होते."

"आणि तू काय करतेस?" काका डोळे पुसत म्हणाले. "जेवायला बसू दे आता हिला, मग बघ."

जेवताना माझं पोट भरलं होतं. मी ताटावर हात आडवा धरला. "आत्या, खरंच नको. अर्धीच."

"अर्धीच देतेय गं," आत्या म्हणाली आणि तव्यावरची पोळी दुमडून ताटात टाकली. अर्धचंद्र दिसत होता. वरचा पदर मी बोटाने उचलला, आतून तूप ओघळलं. काकांनी समोरून ग्लास उचलून मला दाखवला.